अकरा शहरे, अठरा रात्री आणि एक रेल्वे पास

वाचकांचे पत्र: आम्ही सांगलीचे. हे ६२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. मी ५७ वर्षांची. मुलगी २५ वर्षांची असून जर्मनीत आखेन येथे एम.एस. करते आहे. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे अठरा रात्रींसाठी जाणार आहोत आणि तिघांनी मिळून रेल्वे पासवर युरोप पाहायचे ठरवले आहे. आखेन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, व्हिएन्ना, प्राग आणि बर्लिन अशी यादी झाली आहे. धाकटे दीर म्हणतात, पास खिशात असला की हव्या त्या गाडीत चढायचे. शेजारच्या वहिनी म्हणतात, पास म्हणजे पैसे पाण्यात, सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. एजंटाने ॲमस्टरडॅमचे जाऊन-येऊन विमानभाडे कमी सांगितले आहे. रात्रीच्या गाड्या घेतल्या तर हॉटेलचा खर्च वाचेल का? मुलगी तिथे आहे म्हणून व्हिसा जर्मनीचाच काढावा ना? ह्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, हे लक्षात घेऊन सांगावे.
(एक वाचक भगिनी, सांगली)

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात दीर आणि वहिनी अशी दोन मते आली आहेत आणि दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे. पण पास घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न तुम्ही ज्या जागी ठेवला आहे, ती जागा मला चुकीची वाटते. आधी मार्ग ठरतो, मग कोणत्या गावी किती रात्री राहायचे ते ठरते, त्यावरून प्रत्यक्ष गाडीत किती दिवस जाणार हे कळते, आणि त्यानंतरच कुठला पास, किती दिवसांचा, हे विचारण्यात अर्थ असतो. पास आधी घेतला की माणूस तो ‘वसूल’ करण्याच्या मागे लागतो आणि सकाळ-संध्याकाळ स्टेशने तेवढी पाहून परत येतो.

तेव्हा प्रथम तुमची यादी घेऊ. अकरा गावे म्हणजे दहा वेळा मुक्काम हलवणे. एकदा मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी सामान भरणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, दोन-चार तासांचा प्रवास, पुन्हा नव्या गावात पत्ता शोधणे आणि दुपारी तीनच्या आधी खोली मिळत नाही म्हणून बॅगा सांभाळत बसणे. यात अर्धा दिवस सहज जातो आणि लांबचा पल्ला असेल तर पूर्ण दिवस. म्हणजे तुमच्या अठरा दिवसांतले सहा-सात दिवस नुसत्या बॅगा ओढण्यात जातील, आणि त्याही दुखऱ्या गुडघ्यांनी. म्हणून यादीतली निम्मी नावे मी खोडणार आहे. राग मानू नये.

माझ्या मते मार्ग असा असावा: मुंबईहून फ्रँकफर्टला उतरावे आणि विमानतळाला लागूनच असलेल्या स्टेशनातून थेट आखेनला मुलीकडे जाऊन तीन रात्री राहावे, तिथून पॅरिसला चार, इंटरलाकेनला तीन, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन आणि शेवटी व्हिएन्नाला तीन रात्री राहून तिथूनच मुंबईचे विमान धरावे. या अठरा रात्री झाल्या. प्राग आणि बर्लिन ही शहरे तुमच्या रेषेच्या एका टोकाला पडतात. ती जोडली की आल्प्स किंवा इटली यांपैकी काहीतरी घाईत उरकावे लागते. ॲमस्टरडॅम मी केवळ एजंटाच्या तिकिटासाठी ठेवणार नाही. मिलानला गाडी बदलायची आहेच, तेवढे पुरे. रोम खोडताना माझाही हात अडखळला. पण रोमला तीन रात्रींपेक्षा कमी दिल्या तर तिथल्या उन्हात नुसती धावपळ होते. अगदीच चुटपुट लागली तर फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने दीड तासात रोमला जाऊन रात्री परत येता येते. यजमानांचे गुडघे त्या दिवशी काय म्हणतात ते पाहून ठरवा, आणि त्या दिवसाचे तिकीट वेगळे काढा.

एजंटाच्या तिकिटाबद्दल एवढेच सांगतो की ॲमस्टरडॅमला उतरून पुन्हा ॲमस्टरडॅमहूनच निघायचे असेल, तर व्हिएन्नापर्यंत गेलेली माणसे मागे आणायला एक सबंध दिवस, पासचा एक दिवस आणि बहुधा वाटेतला एक मुक्काम लागेल. विमानभाड्यात वाचलेले पैसे तिथे जातात. येण्याचे विमानतळ एक आणि जाण्याचे दुसरे अशी तिकिटे एकाच बुकिंगमध्ये मिळतात. एजंटाला तसे स्पष्ट विचारा.

आता पासकडे वळू. तुमच्या घरात तिघांना तीन वेगवेगळे पास लागणार आहेत, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. युरेल हा पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तो १९५९ सालापासून चालत आला आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल नावाचा जुळा भाऊ आहे, तो १९७२ चा. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे पाहत नाहीत, राहण्याचा देश पाहतात. तुमच्या मुलीचा पासपोर्ट भारतीय असला तरी ती जर्मनीची रहिवासी आहे, म्हणून तिने इंटररेल घ्यायचा आणि तुम्ही दोघांनी युरेल. दोन्ही पास तेहतीस देशांत चालतात, त्यामुळे तुम्ही तिघे एकाच गाडीत शेजारी शेजारी बसाल. फरक एवढाच की इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात मनसोक्त फिरता येत नाही, एकदा देशाबाहेर पडण्यासाठी आणि एकदा परत येण्यासाठी तेवढा तो पास चालतो. म्हणून तुम्हाला घ्यायला ती फ्रँकफर्ट विमानतळावर येईल, तेव्हाचे तिकीट तिने वेगळे काढावे. वयाचेही तसेच आहे. २७ वर्षांपर्यंत तरुणांची सवलत असते, ती मुलीला मिळेल. साठीच्या पुढे दहा टक्के सूट असते, ती यजमानांना मिळेल. आणि तुम्हाला, क्षमा करा, पूर्ण दर भरावा लागेल.

किती दिवसांचा घ्यावा? पासचे दोन प्रकार असतात: सलग पंधरा दिवस, बावीस दिवस, महिना असे चालणारे, आणि महिन्याभरात किंवा दोन महिन्यांत ठरावीक इतके प्रवासाचे दिवस वापरता येणारे. तुमच्यासाठी दुसरा प्रकार योग्य, कारण पॅरिसमध्ये चार दिवस पायी आणि मेट्रोने फिरताना रेल्वेच्या पासचा उपयोग नाही. शहरातली मेट्रो, ट्राम आणि बस यांत तो धरतच नाहीत. प्रवासाचा दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ, आणि त्या काळात कितीही गाड्या बदलल्या तरी तो एकच दिवस मोजला जातो. वरच्या मार्गावरचे दिवस बोटांवर मोजून पाहा: फ्रँकफर्ट ते आखेन, आखेन ते पॅरिस, पॅरिस ते इंटरलाकेन, इंटरलाकेनहून एक दिवस ल्युझर्नला जाऊन येणे, इंटरलाकेन ते फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स ते व्हेनिस आणि व्हेनिस ते व्हिएन्ना. हे सात दिवस झाले. मुलीचा पहिला दिवस पासमध्ये नाही, पण तुम्हाला व्हिएन्नाला निरोप दिल्यावर तिला आखेनला परतायचे आहे. तिचेही सातच झाले. तेव्हा तिघांनीही महिन्याभरात सात दिवसांचा, दुसऱ्या वर्गाचा पास घ्यावा. पहिल्या वर्गावर पैसे घालू नका. तिथला दुसरा वर्ग उत्तम असतो.

वहिनींचा मुद्दा इथे तपासायला हवा. सात दिवसांचा प्रौढांचा पास साधारण ३८० युरोंच्या घरात जातो. तिघांच्या सवलती धरून एकूण हजार युरोंच्या आसपास, म्हणजे युरो शंभर रुपयांचा धरला तर लाखभर रुपये. हे दर अधूनमधून बदलतात आणि कधी कधी सवलतीही निघतात, म्हणून घेण्याच्या दिवशीचा आकडा पाहावा. तीन महिने आधी बसून प्रत्येक गाडीचे स्वस्तातले तिकीट टिपून काढले, तर फ्रान्स आणि इटलीत सुटी तिकिटे पासला टक्कर देतात, कधी त्याहून स्वस्तही पडतात. तिथे वहिनी बरोबर आहेत. पण ती स्वस्त तिकिटे ठरलेल्या गाडीचीच असतात, गाडी चुकली की तिकीट गेले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तिकिटे महाग असतात. इंटरलाकेन ते ल्युझर्न या दोन तासांच्या प्रवासाला एका बाजूचे तीस फ्रँकांहून अधिक पडतात. आणि तुमच्या उतरण्याच्या दिवसाचा विचार करा. विमानाला उशीर होऊ शकतो, शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी ठरलेल्या गाडीचे स्वस्त तिकीट काढणे म्हणजे जुगार आहे आणि कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट महाग आहे. पाच दिवसांचा पास आणि सात दिवसांचा पास यांत फरक साठ-पासष्ट युरोंचा आहे. त्यात हा पहिला दिवस बिनघोर होतो आणि फ्लॉरेन्स-व्हेनिसही भागते. म्हणून मी तुम्हाला पास घ्या असे सांगतो आहे. नुसत्या फ्रान्स-इटलीला निघाला असता, तर नको म्हटले असते.

आता दिरांचे म्हणणे, आणि इथेच घोडे पेंड खाते. ‘हव्या त्या गाडीत चढायचे’ हे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स या देशांच्या आतल्या बहुतेक गाड्यांना लागू आहे. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटलीच्या फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाड्या आणि सीमा ओलांडून इटलीत जाणाऱ्या बहुतेक गाड्या यांत पास असला तरी जागा आरक्षित करावीच लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तुमच्या सात दिवसांपैकी पहिला आणि ल्युझर्नचा असे दोनच दिवस बिनआरक्षणाचे आहेत. बाकी पाच दिवसांच्या आरक्षणाला माणशी शंभर-सव्वाशे युरो बाजूला ठेवा. पैशांहून मोठी अडचण वेगळीच आहे: युरोस्टार आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी टीजीव्ही लिरिया या दोन गाड्यांत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी पासवर जागा मिळत नाही, पूर्ण तिकीट घ्यावे लागते. मे महिन्यात तर तिकडे सुट्ट्यांवर सुट्ट्या असतात. तेव्हा या दोन गाड्यांचे आरक्षण सर्वांत आधी करा.

आता एकेक पल्ला पाहू. युरोस्टार आखेनलाच थांबते आणि लिएज, ब्रसेल्स करत पावणेतीन तासांच्या आतबाहेर पॅरिसच्या गार द्यू नॉर या स्टेशनात पोहोचते. चार दिवसांनी इंटरलाकेनला निघताना मात्र गाडी गार द लियॉंवरून सुटते. पॅरिसला अशी सहा-सात मोठी टर्मिनस स्टेशने आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकिटावरचे ‘पॅरिस’ एवढेच वाचले होते, आणि स्वित्झर्लंड पूर्वेला आहे तेव्हा गाडी पूर्वेच्या स्टेशनातूनच सुटणार असा तर्क करून गार द लेस्टला जाऊन उभा राहिलो. माझी गाडी तिकडे लियॉंवरून सुटत होती. तेव्हापासून मी गावाच्या नावापुढचे नाव आधी वाचतो. तुम्ही पॅरिसचे हॉटेल गार द लियॉंच्या आसपास घ्या. येताना नॉरहून आरईआर ‘डी’ ही उपनगरी गाडी सरळ तिथे येते, आणि निघायच्या सकाळी तारांबळ होत नाही.

लिरियाच्या गाड्या दुमजली असतात. आरक्षण करताना खालच्या मजल्यावरची जागा मागा, नाहीतर यजमानांना बॅग घेऊन अरुंद, वळणाचा जिना चढावा लागेल. टीजीव्हीत प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी लावलेली असावी असा नियम आहे. ती घरूनच लावून न्या. गाडी सुटायच्या दोन मिनिटे आधी दारे बंद होतात, आणि ती पुन्हा उघडत नाहीत. तीन तासांत बासेल येते, तिथे गाडी बदलून दोन तासांत इंटरलाकेन. या दुसऱ्या गाडीत कुठेही बसता येते, म्हणून डावीकडची खिडकी धरा. थुन गाव सोडल्यावर इंटरलाकेनपर्यंत सरोवर डाव्या हाताला गाडीबरोबर चालत राहते. इंटरलाकेनलाही पश्चिम आणि पूर्व अशी दोन स्टेशने आहेत. ल्युझर्नची गाडी पूर्वेच्या, म्हणजे ओस्टच्या स्टेशनातून सुटते, म्हणून मुक्काम त्या बाजूला सोयीचा.

ल्युझर्नचा हा दिवस मी मुद्दाम घातला आहे. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटरवरचे स्टेशन सगळ्या सहलवाल्यांच्या पत्रकात असते, आणि १९१२ साली डोंगराच्या पोटातून तिथवर रेल्वे नेणे हा पराक्रमच होता. पण त्या गाडीवर पास चालत नाही, पंचवीस टक्के सूट तेवढी मिळते, आणि सूट धरूनही तिघांचा खर्च तुमच्या एका पासच्या वर जातो. वर ढग असतील तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. त्यापेक्षा ब्रुनिगच्या खिंडीतून ल्युझर्नला जाणारी मीटर गेज गाडी पूर्णपणे पासात बसते. जाताना उजवीकडे बसावे; ब्रिएन्झ सरोवराचे हिरवट निळे पाणी बराच वेळ खिडकीला लागून असते, मग चढ आला की रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत गाडीचे चाक अडकते, बारीक खडखड सुरू होते आणि गाडी सावकाश वर सरकते. युंगफ्राउयोखला जायचेच असेल, तर आदल्या रात्री तिथल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून, आकाश निवळलेले दिसले तरच सकाळी तिकीट काढा.

इंटरलाकेन ते फ्लॉरेन्स हा साऱ्या प्रवासातला सर्वांत गुंतागुंतीचा दिवस आहे. स्पीझला गाडी बदलून मिलानची गाडी धरायची, ती ३४.६ किलोमीटरच्या ल्यॉट्शबर्ग बोगद्यातून आणि मग १९०६ सालच्या सिंप्लॉन बोगद्यातून इटलीत उतरते. मिलानहून फ्रेच्चारोसाने फ्लॉरेन्सला दोन तास. दोन्ही गाड्यांचे वेगळे आरक्षण लागते, म्हणून मिलानला किमान एक तास मोकळा ठेवा. स्विस गाड्या वेळ पाळतात, पण आल्प्सच्या पलीकडे गेल्यावर पाच-पंचवीस मिनिटे इकडेतिकडे होतात. पहिल्या गाडीच्या उशिराने पुढची चुकलीच, तर गप्प बसू नका. त्या रेल्वेच्या खिडकीवर जाऊन दोन्ही आरक्षणे दाखवा आणि पुढच्या गाडीत सोय करून मागा.

फ्लॉरेन्स-व्हेनिस हा सव्वादोन तासांचा सोपा प्रवास आहे. व्हेनिसची दोन स्टेशने आहेत: मेस्त्रे हे जमिनीवरचे आणि सांता लुचिया हे बेटावरचे, दोघांमध्ये १८४६ साली बांधलेला, साडेतीन किलोमीटरहून लांब पूल आहे आणि त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी असते. सांता लुचियाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले की समोर कालवाच. तिथे रिक्षा-टॅक्सी नाही, पुलांना पायऱ्या आहेत, आणि चाकांच्या बॅगेला पायऱ्या कळत नाहीत. यजमानांसाठी स्टेशनाच्याच बाजूचे, एकही पूल ओलांडावा न लागणारे हॉटेल शोधा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

शेवटचा पल्ला व्हेनिस ते व्हिएन्ना. तुम्ही विचारलेली रात्रीची गाडी या मार्गावर आहे, आणि पासच्या हिशेबातही ती सोयीची असते, कारण वाटेत गाडी बदलायची नसेल तर सुटण्याचा एकच दिवस मोजला जातो. पण बर्थचे पैसे वेगळे द्यावे लागतात. साध्या डब्यात चार किंवा सहा बर्थ असतात आणि वरच्याला शिडी असते. स्वतंत्र शयनकक्ष घेतला तर हॉटेलाएवढाच खर्च येतो. शिवाय पहाटे उतरल्यावर खोली मिळायला दुपार होते. तेव्हा बचत फारशी नाही आणि गुडघ्यांचे हाल आहेत. माझे मत दिवसा धावणाऱ्या रेलजेट या ऑस्ट्रियन गाडीच्या बाजूने आहे. सात तासांच्या आसपासचा हा प्रवास व्हिएन्नाच्या अलीकडे सेमरिंगच्या घाटातून जातो. हा घाट १८५४ साली पुरा झाला, म्हणजे आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागण्याच्या नऊ वर्षे आधी. सोळा दगडी कमानपूल असलेला तो रेल्वेमार्ग १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खंडाळ्याला खिडकीशी बसलेल्या माणसाला तिथे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

व्हिसाच्या बाबतीत तुमचा अंदाज दुरुस्त करावा लागेल. मुलगी जर्मनीत आहे एवढ्यावरून जर्मनीकडे अर्ज करता येत नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे तो करायचा असतो, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पाऊल टाकाल त्याच्याकडे. मी सुचवलेल्या मार्गात जर्मनीच्या तीन, फ्रान्सच्या चार आणि इटलीच्या पाच रात्री आहेत. म्हणजे अर्ज इटलीकडे जाईल. जर्मनीकडेच करायचा असेल, तर व्हेनिसच्या दोन रात्री काढून आखेनला द्या, आणि खरोखर तसेच राहा. मुलीकडे पाच रात्री राहण्यात वाईट काहीच नाही, कोलोन तिथून तासाभरावर आहे आणि तिथले प्रचंड कॅथेड्रल स्टेशनाच्या दारातच उभे आहे. तसे केल्यास फ्लॉरेन्सहून व्हिएन्नाचा पल्ला फार लांब होतो, हे लक्षात ठेवून मगच ठरवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क प्रौढाला ९० युरो आहे आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा नको, पण विम्याच्या कागदावर सर्व शेंगेन देशांचा उल्लेख आहे ना, तेवढे पाहा. मुलीचे निमंत्रणपत्र आणि तिच्या जर्मनीतल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत अर्जाबरोबर जोडाच.

पास विकत घेतला तरी व्हिसा हातात येईपर्यंत सुरू करू नका. तो घेतल्यापासून अकरा महिन्यांत कधीही सुरू करता येतो, आणि सुरू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीत घेतलेल्या पासच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचा. हल्ली पास मोबाइलवरच असतो. रेल प्लॅनर या ॲपमध्ये पासचा क्रमांक घालायचा, सुरू करताना पासपोर्टचा क्रमांक द्यायचा, आणि गाडीत पाय ठेवण्यापूर्वी त्या दिवसाची गाडी निवडून पासला जोडायची. मग तिकीट तपासनिसाला दाखवण्यासाठी एक चौकोनी कोड तयार होतो. गाडी न जोडता बसलात तर तुम्ही विनातिकीट धरले जाता, पास असला तरीही. तिघांचे पास मुलीच्या एकाच फोनवर ठेवता येतात आणि ती तसेच सुचवेल, पण प्रत्येकाने आपापल्या फोनवर ठेवावा असे मी म्हणेन. ती चहा आणायला गेली असताना तपासनीस येतो. पासपोर्ट जवळ असावा, कारण तो कोडाबरोबर पाहतात.

सामानाबद्दल थोडेसे. तिथे हमाल नसतात, आणि फलाटावर लिफ्ट असली तरी कधी कधी ती बंद असते. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठपिशवी, याहून जास्त काही नको. कपडे मुलीच्या घरी आणि पुढे इंटरलाकेनला धुवायचे. जर्मनीच्या फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरे टांगलेली असतात आणि गाडीचा कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल ते फलकावर दाखवतात. आधीच त्या अक्षराखाली उभे राहिलात तर यजमानांना धावावे लागणार नाही. पहिल्या दिवशीच्या गाडीत जागा शोधताना आसनावरची छोटी पट्टी वाचा. तिथे दोन गावांची नावे दिसली तर ती जागा त्या दोन गावांच्या दरम्यान कोणाची तरी आहे. पट्टी कोरी असेल तिथे खुशाल बसा. जर्मन गाड्यांच्या शिस्तीची कीर्ती आता जुनी झाली आहे. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर पोहोचल्या. त्या संध्याकाळी आखेनला कुणाकडे जेवायला जायचे ठरवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मुलीकडे निघालेल्या आईला सांगायलाच हवी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची पोळी आणि घरचे साजूक तूप सांगलीतच ठेवावे लागेल. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि तेलावरच्या दशम्या यांना हरकत नाही. आणि गाडीत आपला डबा उघडून खायला तिकडे कुणीच काही म्हणत नाही, तेव्हा इंटरलाकेन ते फ्लॉरेन्सच्या लांब दिवसासाठी भडंगाचे एक पाकीट मुलीच्या नजरेआड बाजूला काढून ठेवा.